पुढची तारीख कोण कळवणार?

वकिलाच्या डायरीत एका प्रकरणाची नोंद दोनदा होते. न्यायाधीशांनी तारीख दिली की ती आजच्या पानावर प्रकरणाच्या क्रमांकासमोर लिहायची. मग त्या तारखेचं पान काढून तिथे क्रमांक, पक्षकारांची नावं, कोर्ट आणि काम कशासाठी नेमलंय ते उतरवायचं: पुरावा, म्हणणं, युक्तिवाद की निशाणी ५ वरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा, आदेश. पहिली नोंद उभ्या उभ्या, दुसऱ्या प्रकरणाचा पुकारा कानावर पडत असताना होते. दुसरी संध्याकाळी ऑफिसात बसल्यावर. या दोन नोंदींच्या मधल्या तासांत प्रकरण डायरीतून निसटू शकतं, आणि ज्याच्याकडे मुन्शी नाही, ज्युनिअर नाही, त्याच्या बाबतीत ते धरायला दुसरं कुणी नसतं.

पालघर आणि बोईसरमध्ये एकट्यानं वकिली करणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचं काम पाहायला लागलो, ते एका सरळ प्रश्नामुळे. यांच्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर बनवलं तर ते पदरचे पैसे देऊन घेतील? मोठ्या शहरांतल्या कंपन्या कायद्याचं सॉफ्टवेअर म्हटलं की निवाड्यांच्या शोधापासून सुरुवात करतात. मला इथे दिसलं ते असं की तालुक्याच्या वकिलाचा दिवस निवाडे शोधण्यात फार कमी जातो. तो जातो धावपळीत आणि निरोप पोचवण्यात.

बोईसरचे खटले पालघरला चालतात. त्यामुळे बोईसरचा वकील सकाळी लोकल पकडतो, उमरोळी मागे टाकून पालघरला उतरतो आणि बोर्डावर आपली मॅटर्स कितव्या नंबरला आहेत ते बघतो. दोन कोर्टांत एकाच वेळी पुकारा झाला तर शेजारच्या वकिलाला "जरा उभे राहा" म्हणून विनवतो. दुपारी जमिनीचं काम असेल तर तहसीलदार किंवा प्रांतांकडे, नाहीतर कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला खरा, पण कामगारांच्या अनुचित प्रथांच्या तक्रारीसाठी ठाण्याचं औद्योगिक न्यायालय गाठलं की त्या दिवसाचं बाकी सगळं काम बुडतं.

सरकारनं यातला एक भाग फुकट सोडवला आहे. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये प्रकरणाचा सोळा अक्षरांकांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. नुसती तारीख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला म्हणूनच इथे गिऱ्हाईक मिळणार नाही. पण तहसीलदारांपुढची आणि प्रांतांपुढची सुनावणी त्या ॲपमध्ये येत नाही. पालघरच्या वकिलाची कितीतरी कामं महसुली असतात. त्याला दिवाणी, फौजदारी, महसुली आणि ठाण्याच्या तारखा एका पानावर दिसायला हव्या असतात. तसं पान त्याच्याकडे फक्त कागदी डायरीत आहे, म्हणून तो ती सोडत नाही. त्याचं बरोबरच आहे.

तारीख वकिलाला कळली म्हणजे अशिलाला कळली असं नाही. एका वकील मॅडमच्या बोईसरच्या ऑफिसात संध्याकाळी बसलो होतो. आत आलेल्या मनुष्याच्या हातात समन्स नव्हतं, पोलिसांचा फोन येऊन गेला होता. "मॅडम, तारीख आमाला कोनी सांगितलीच नाही." मॅडमनी निरोप पाठवलेला होता. तो ज्या नंबरवर गेला तो फोन मुलाकडे, आणि मुलगा तारापूर एमआयडीसीत रात्रपाळीला. आरोपी गैरहजर म्हणून वॉरंट निघालं होतं. मॅडमनी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज लिहायला घेतला. तो अर्ज, त्याचा स्टँप, दुसऱ्या दिवशीची फेरी, यातल्या कशाचीच वेगळी फी त्या मागू शकल्या नाहीत.

इथे खरा धंदा आहे असं मला वाटतं. तारीख पडली की वकिलानं फोनवर एकदाच बोलावं आणि अशिलाला त्याच्या भाषेत आवाजी निरोप जावा. तारापूरचा कामगार उत्तर प्रदेशचा, बिहारचा, ओडिशाचा असतो. सातपाटीचा किंवा नवापूरचा मच्छीमार मराठी बोलतो, पण पुस्तकी मराठीत आलेला लांब मजकूर तो वाचेलच असं नाही. निरोपात तीन गोष्टी हव्यात: किती वाजता यायचं, यायलाच हवं की नाही आला तरी चालेल, आणि येताना काय आणायचं. एका घराचे दोन नंबर नोंदवायची सोय हवी. निरोप ऐकला गेला की नाही हे वकिलाला दिसायला हवं. पाळी कुठली चालू आहे हेही अशिलाच्या नोंदीत असावं, म्हणजे रात्रपाळीवाल्याला सकाळी दहाला फोन जाणार नाही.

दुसरी जागा चेकच्या खटल्यांची. तारापूरच्या पट्ट्यात कापड, रसायनं, औषधं, लोखंड असे सगळे धंदे एकमेकांना उधारीवर माल देतात, जॉबवर्क करून देतात, आणि चेक परत आला की वकिलाकडे येतात. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ चं सगळं गणित तारखांचं आहे. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस हाती पडल्यापासून समोरच्याला १५ दिवस. ते संपल्यावर तक्रारीला एक महिना. समजा नोटीस ३ मार्चला पोचली. १५ दिवस १८ मार्चला संपतात, १९ मार्चला तक्रारीचं कारण घडतं, आणि शेवटचा दिवस १९ एप्रिल. महिना मोजताना कारण घडलेला दिवस धरायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये साकेत इंडियाच्या निकालात स्पष्ट केलेलं आहे. उशीर माफ करायची तरतूद आहे, पण त्यासाठी वेगळा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्याच्या वेगळ्या तारखा.

मॅडम हे बोटांवर मोजतात आणि चुकत नाहीत. अडचण मोजण्याच्या आधीची आहे. अशील बँकेचा मेमो घेऊन येतो तेव्हा मेमोवरची तारीख एक असते आणि त्याच्या हातात मेमो पडला ती दुसरी. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर नोटीस पोचल्याची नोंद असते, ती काही दिवसांनी मिळेनाशी होते, म्हणून त्याच दिवशी तिची प्रत काढून ठेवावी लागते. चांगलं सॉफ्टवेअर कोणतं, तर जे "मेमो तुम्हाला कधी मिळाला?" हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही, टपालाची नोंद स्वतः उतरवून ठेवेल आणि शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पालघर कोर्टाच्या सुट्ट्यांच्या यादीशी ताडून बघेल. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रत्येक तक्रारीच्या सुरुवातीला ठरावीक नमुन्यात गोषवारा जोडायला सांगितलं. त्या गोषवाऱ्यातल्या तारखा आणि रकमा याच नोंदींतून आपोआप भरता येतात. पुढे खटला उभा राहिल्यावर फिर्यादीच तारखांना आला नाही तर आरोपी निर्दोष सुटू शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७९ नं फिर्यादीला हजर राहण्यासाठी ३० दिवसांची संधी दिली आहे, तेवढीच. म्हणजे तेही पुन्हा निरोपाशीच येऊन थांबतं.

मसुद्यांचं दुखणं निराळं. राज्य शासनाच्या १९९८ च्या अधिसूचनेनं तालुका-जिल्हा न्यायालयांचं कामकाज मराठीत आलं, आणि त्या काळापासूनचे दावे, कैफियती, नोटिसा वकिलांच्या संगणकावर साठलेल्या आहेत. पण त्या श्री-लिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत. पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावला की कैफियतीच्या जागी रोमन अक्षरांची रांग दिसते. युनिकोडमध्ये बदलणारी फुकट साधनं आहेत. ती 'ऱ्या' आणि 'ष्ट्र' बिघडवतात, तक्त्यातले सर्व्हे नंबर सरकवतात. मग बसून एकेक ओळ दुरुस्त करावी लागते, आणि वकील कंटाळून पुन्हा जुन्याच फाँटात टाइप करतो. एखाद्याचं वीस वर्षांचं लिखाण नीट युनिकोडमध्ये आणून, शोधता येईल असं करून देणं हे एकदाच करायचं, पण भरपूर मेहनतीचं काम आहे. त्याचे पैसे वकील देतील याबद्दल मला शंका नाही. "वहिवाटीच्या रस्त्याचा मनाई हुकूम आपण कुठल्या दाव्यात मागितला होता?" या प्रश्नाचं उत्तर आज वकिलाच्या स्मरणावर अवलंबून आहे.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले आणि त्या जुन्या मसुद्यांतली कलमंही बदलली. अटकपूर्व जामीन ४३८ चा ४८२ झाला, पत्नीच्या पोटगीचं १२५ आता १४४. त्याच दिवशी नव्या साक्ष अधिनियमातलं कलम ६३ आलं. व्हॉट्सॲपवरचा संदेश किंवा कारखान्याच्या गेटवरचं सीसीटीव्ही चित्रण पुराव्यात द्यायचं तर त्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक पक्षकाराचं आणि एक तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलची हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणितानं काढलेली ओळखखूण, लिहायची असते. ठेकेदारानं मजुरी कबूल केलेला आवाजी संदेश फोनमध्ये घेऊन कामगार येतो. त्याच्या समोरच, त्याच फोनवर, मूळ फाइलला हात न लावता हॅश काढून मराठी प्रमाणपत्राचा पहिला भाग तयार करून देणारं साधन छोटं आहे. बोईसरच्या ऑफिसात ते रोज उपयोगी पडेल.

जमिनीच्या कामांत मला सर्वांत गुंतागुंत दिसली. बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, आता वाढवण बंदर. एका गटाचा मोबदला ठरतो आणि वारस निघतात चार पिढ्यांचे. वकील वंशावळ कागदावर काढतो, फेरफार क्रमानं लावतो, कुणाचं नाव कधी आणि कशानं लागलं ते शोधतो. आदिवासी खातेदार असेल तर त्याच्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधन घालणारं जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ आणि जुन्या हस्तांतरणाची तारीख ६ जुलै १९७४ च्या अलीकडची की पलीकडची, यावर सगळं फिरतं. वंशावळ आणि फेरफार शेजारी शेजारी दाखवून "या दोन फेरफारांच्या मधला मृत्यू नोंदलेला नाही" एवढं सांगणारा पडदा कुणी बनवला, तर वकिलाइतकाच वारली शेतकऱ्याचा त्यात फायदा आहे. मोबदल्यातून नाव गळणं म्हणजे काय ते त्या घरांत जाऊन पाहावं.

काही वाटा मी सोडून द्याव्यात असं म्हणेन. वकिलाला अशील मिळवून देणारं ॲप काढू नये. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि त्यात अडकला तर सनद त्याची धोक्यात येते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निवाड्यांचे दाखले घेऊ नयेत. नसलेले निवाडे ती आत्मविश्वासानं देते, आणि पालघरच्या कोर्टात उभं राहून ते वाचणाऱ्याचं नाव तिथे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आवाज लिहून काढायला, कच्चा अनुवाद करायला तिची मदत घ्यावी. पण अशिलानं सांगितलेली गोष्ट वकिलाच्या मर्जीशिवाय बाहेरच्या सर्व्हरवर जाता कामा नये. ते गुपित अशिलाचं आहे आणि ते उघड करायला कायद्यानं वकिलाला बंदी आहे.

पैशांचं बोलायचं तर दरमहा कापली जाणारी रक्कम इथे चालणार नाही, कारण फीच दरमहा येत नाही. ती तारखेला थोडी, निकालाला थोडी अशी येते, आणि "साहेब, पगार झाला की देतो" म्हणून पुष्कळदा राहते. वर्षातून एकदा, डायरी विकत घेतात त्या डिसेंबर-जानेवारीत, डायरीसोबतच हे विकावं. फीची वहीही त्यातच असावी. शिकवणारा माणूस पालघरचाच हवा, कोर्ट सुटल्यावर बाररूममध्ये बसून दाखवणारा. मॅडमनी एक अट घातली ती मला पटली: सोडायचं ठरवलं तर सगळी प्रकरणं, सगळ्या तारखा एका बटणानं कागदावर छापून मिळाल्या पाहिजेत. "नाहीतर मी माझी डायरी तुमच्याकडे का देऊ?" पहिल्या वर्षी मी एवढंच बनवीन: चारही ठिकाणच्या तारखांचं एक पान, अशिलाला आवाजी निरोप, १३८ ची मुदत, आणि ते छापायचं बटण.