सूर्यामागे पावलापावलाने

सूर्य आकाशात ताशी १५ अंश सरकतो. छोटे सौर पॅनेल दिवसभर त्याच्याकडे तोंड करून ठेवायचे, तर तेही त्याच गतीने फिरवले पाहिजे. फलटण सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून फिरण्याचा आस क्षितिजाशी १८ अंशांचा कोन करून ध्रुवताऱ्याकडे रोखावा. पण २४ तासांत एक फेरा, ही संथ गती आणायची कशी?

यासाठी स्टेपर मोटर वापरतात. तिच्या मधल्या चुंबकाभोवती तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यात वीज सोडली की चुंबक एक पाऊल सरकून थांबतो. पुढच्यात सोडली की पुढचे पाऊल. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या २८बीवायजे-४८ मोटरीचा चुंबक ३२ पावलांत एक फेरा करतो. आतल्या दंतचक्रांमुळे बाहेरचा दांडा ६३.६८ पट सावकाश फिरतो. म्हणजे फेऱ्याला सुमारे २०३८ पावले. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांना २०३८ ने भागा: दर ४२.४ सेकंदांनी एक पाऊल. पुष्कळ ठिकाणी २०४८ हा आकडा छापलेला आढळेल. त्याने दहा तासांत पाऊण अंशाची चूक होते. पॅनेलला ती चालेल, दुर्बिणीला नाही. पूर्ण चंद्रच अर्ध्या अंशाचा दिसतो!

पावले मोजण्याचे काम आर्डुइनो उनोसारखा मायक्रोकंट्रोलर करतो. मात्र वेटोळी त्याला थेट जोडू नका. वेटोळ्याचा रोध सुमारे ५० ओहम. ५ व्होल्टला ओहमच्या नियमाने प्रवाह १०० मिलिअँपिअर. आर्डुइनोच्या एका पिनची कमाल मर्यादा ४०! शिवाय प्रवाह तोडताच वेटोळे उलट विद्युत्‌दाबाचा झटका देते. म्हणून मध्ये युएलएन-२००३ ही चिप घालावी. ती मोठा प्रवाह पेलते आणि तिच्यातले डायोड झटका जिरवतात. मोटरीची लाल तार वेगळ्या ५ व्होल्ट पुरवठ्याच्या धन टोकाला जोडा. पुरवठ्याची व आर्डुइनोची ऋण टोके मात्र एकत्र हवीत. निळी, गुलाबी, पिवळी, नारिंगी या क्रमाने वेटोळी चालू-बंद करा. क्रम चुकला तर मोटर न फिरता नुसती थरथरते.

आता खरी मेख. पावले मोजतो तो मायक्रोकंट्रोलर; मोटर फिरली की नाही, हे त्याला कळतच नाही. वाऱ्याने पॅनेल अडले, चार पावले चुकली, तरी त्याचा हिशेब पुढेच जातो. यासाठी पूर्वेच्या टोकाला एक कळ बसवा. रोज पहाटे पॅनेल उलटे फिरवून तिला टेकवा व मोजणी शून्यापासून सुरू करा.