विश्लेषण : एक दोन वर्षांचे, एक तान्हे... दुहेरी बाबागाडी घ्यावी का?

घरात दुसरे बाळ आले, की कालपर्यंत धावणाऱ्या थोरल्यालाही कडेवरच बसायचे असते. दोघांना घेऊन लसीकरणाला जायचे किंवा खाली बागेत उतरायचे, तर दोन हात अपुरे पडतात. अशा वेळी मोबाइलवर दुहेरी बाबागाडी, म्हणजे डबल स्ट्रोलर, शोधला जातो. मात्र ठाकुर्ली-डोंबिवलीत ती घेण्याआधी इमारतीची लिफ्ट मोजायला हवी.

दुहेरी गाडीचे प्रकार कोणते?

मुख्य प्रकार दोन. पहिल्यात दोन्ही जागा शेजारी-शेजारी असतात. ही गाडी वळवायला सोपी, पण तिची रुंदी बहुधा ७५ सेंटिमीटरच्या आसपास असते. दुसऱ्यात जागा पुढे-मागे असतात. तिची रुंदी साध्या गाडीइतकीच, पण लांबी मीटरभर किंवा त्याहून जास्त. रिकामी गाडीच अनेकदा १० ते १५ किलो भरते.

लिफ्टमध्ये मावेल का?

लिफ्टमधील पाटी वाचा. ‘६ व्यक्ती, ४०८ किलो’ असे लिहिले असेल, तर भारतीय मानकानुसार अशा लिफ्टचे दार साधारण ७० सेंटिमीटर रुंद आणि आतली खोली १०० सेंटिमीटर असते. म्हणजे शेजारी-शेजारी जागांची गाडी दारात अडकणार आणि पुढे-मागे जागांची लांब गाडी आत गेली तरी दार लागणार नाही. ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’च्या लिफ्टमध्ये दार साधारण ८० आणि खोली ११० सेंटिमीटर असते. तिथे जमू शकते, पण जेमतेम. प्रत्यक्ष माप इमारतीगणिक बदलते, त्यामुळे टेपने मोजूनच ठरवा. घराचे सेफ्टी डोअरही मोजा. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत ही गाडी जिन्याखालीच पडून राहण्याची शक्यता जास्त.

तान्ह्या बाळासाठी काय पाहावे?

ही सर्वांत महत्त्वाची बाब. नवजात बाळाला मान सावरता येत नाही. बसत्या जागेत डोके पुढे झुकून हनुवटी छातीला टेकली, तर श्वास अडू शकतो. म्हणून किमान एक जागा पूर्ण सपाट होणारी हवी. बाळ साधारण सहा महिन्यांचे होऊन नीट बसू लागेपर्यंत त्याला आडवेच ठेवावे. काही गाड्यांत मागची जागा पुरेशी सपाट होत नाही, हे दुकानात उघडून पाहा. उन्हापासून वाचवायला गाडीवर ओढणी किंवा दुपटे टाकू नका. आत हवा कोंडून उष्णता वाढते.

लोकलने जाताना काय?

ठाकुर्लीत फक्त धिम्या गाड्या थांबतात आणि गर्दीच्या वेळी उघडी बाबागाडी डब्यात नेणे अशक्यच. ती घडी करावी लागते. दोन मुलांसोबत एकच मोठा माणूस असेल, तर घडी करताना मुले कोण धरणार? भरलेल्या शेअर रिक्षातही हीच अडचण येते.

फलाटावर थांबलात, की ब्रेक लावाच आणि गाडी रुळांना समांतर ठेवा. ऑक्टोबर २००९मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकावर काही क्षण हात सुटलेली बाबागाडी घरंगळत रुळांवर पडली आणि येणाऱ्या गाडीखाली सापडली. सुदैवाने बाळ वाचले.

मग पर्याय काय?

बहुतेक घरांना साधी, हलकी एकेरी गाडी थोरल्यासाठी आणि अंगाला बांधायचे कॅरिअर तान्ह्यासाठी, ही जोडी सोयीची पडते. लिफ्ट, जिना, रिक्षा, लोकल सगळीकडे ती चालते. कॅरिअरमध्ये बाळाचा चेहरा सतत दिसायला हवा, नाक-तोंड मोकळे आणि हनुवटी छातीपासून दूर हवी. बाळ अगदी कमी वजनाचे किंवा वेळेआधी जन्मलेले असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

दुहेरी गाडी शोभते ती मोठी लिफ्ट, आवारात सपाट रस्ते आणि रोजची फेरी तिथेच असेल तर. जुळ्यांसाठीही ती उपयोगी. थोरले दोन वर्षांचे असेल, तर वर्ष-दीड वर्षात ते गाडीत बसायलाच तयार होणार नाही, हेही खर्च करताना लक्षात घ्या. ओळखीत कोणाकडे चांगल्या स्थितीतील गाडी असेल, तर तीही चालेल.

घेताना काय तपासाल?

- प्रत्येक जागेची वजनमर्यादा
- खांदे, कंबर आणि पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा
- एका पायाने लागणारा ब्रेक
- एका हाताने होणारी घडी
- युरोपचे ‘ईएन १८८८’ किंवा अमेरिकेचे ‘एएसटीएम एफ ८३३’ हे सुरक्षा मानक

आणि भाजीची पिशवी दांड्याला अडकवू नका. मूल उचलताच गाडी मागे कलंडते, त्यात दुसरे मूल बसलेले असते.