हदीस आणि तिची शरह

विद्यार्थी मित्रांनो, हदीस म्हणजे हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्या वचनांची व आचरणाची नोंद, हे तुम्ही जाणताच. मूळ अरबी ग्रंथात प्रत्येक हदीसच्या आधी काही नावे दिलेली असतात. आपण ती नावे वाचत नाही. जुन्या विद्वानांनी मात्र त्यांच्यासाठी फार कष्ट घेतले.

इमाम बुखारी यांचा जन्म सन ८१० मध्ये बुखारा शहरात झाला. हे शहर आज उझबेकिस्तानात आहे. मक्का, मदिना, बसरा, बगदाद अशा शहरांत फिरून त्यांनी हदीसवचने गोळा केली. सुमारे ६ लाख कथनांतून निवड करून १६ वर्षांत त्यांनी 'सहीह बुखारी' हा ग्रंथ तयार केला, असे सांगतात. एकच वचन दोन मार्गांनी आले, तर ती दोन कथने मोजत. म्हणून हा आकडा एवढा मोठा आहे. ग्रंथात पुन्हा आलेली वचने धरून ७ हजारांहून अधिक हदीसवचने आहेत.

पहिलीच हदीस पाहा. तिचा विषय आहे नियत, म्हणजे मनातील हेतू. ती पैगंबरांकडून हजरत उमर (रजि.) यांनी ऐकली. त्यांच्याकडून अलकमा, पुढे मुहम्मद बिन इब्राहीम, यह्या बिन सईद, सुफियान, हुमैदी आणि मग बुखारी यांनी ऐकली. या साखळीला इस्नाद म्हणतात. सांगणारा माणूस खरे बोलणारा होता का? त्याची स्मरणशक्ती चांगली होती का? ज्याचे नाव तो घेतो, त्याला तो भेटला होता का? हे सारे तपासले जाई.

पुढे काळ लोटला. जुनी नावे अनोळखी झाली, शब्द अवघड वाटू लागले. म्हणून विद्वानांनी शरह, म्हणजे सविस्तर विवरण लिहिले. कैरोचे इब्न हजर अस्कलानी यांनी हिजरी ८१७ (सन १४१४) मध्ये 'फतहुल बारी' ही शरह लिहावयास घेतली. ती हिजरी ८४२ (सन १४३८) मध्ये पूर्ण झाली. लिहून झालेला भाग शिष्य उतरवून घेत. आठवड्यातून एक दिवस सर्वजण जमत, प्रती ताडून पाहत आणि शंका विचारत. गुरू एवढे थोर, तरी त्यांचे लिखाणही तपासले जाई!

मित्रांनो, "ही हदीस आहे," असे सांगून आजही कोणी काही ऐकवतो. ते पुढे सांगण्यापूर्वी विचारा : ही कोणत्या ग्रंथात आहे? विद्वानांनी तिच्याविषयी काय म्हटले आहे? उत्तर मिळेपर्यंत थांबा. असे थांबणे म्हणजेच त्या विद्वानांच्या कष्टांचा मान राखणे होय.