फोन वाजण्याआधी कर्णा का घरघरतो?

हरिनाम सप्ताहाच्या मांडवात कीर्तन रंगात आलेले असते. टाळकरी उभे राहिलेले असतात, मृदंगावर थाप पडते आणि नेमक्या त्याच क्षणी कर्ण्यातून 'टक्-टक्-टक्, घुर्रर्र' असा आवाज उमटतो. श्रोत्यांच्या माना आवाजाच्या दिशेने वळतात. माईकवाला धावत जाऊन वायरी हलवून पाहतो, पिना घट्ट बसवतो. पण घरघर थांबत नाही. दोन क्षणांनी कोणाच्या तरी खिशातील भ्रमणध्वनी खणखणू लागतो, आणि दोष माईकवाल्याचा नव्हता हे सर्वांच्या ध्यानात येते.

कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमावर, पुणे-बंगळूर महामार्गालगत वसलेल्या उंब्रजमध्ये (ता. कराड, जि. सातारा) ध्वनिक्षेपकाला विसावा असा फारसा नसतोच. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. जवळच्या पाल येथे पौषात खंडोबा-म्हाळसा विवाहाची यात्रा भरते. ग्रामसभा, लग्नसराई, भजनी मंडळे ही तर बारमाही. जेथे ध्वनिक्षेपक तेथे आता भ्रमणध्वनीही आला, आणि त्याबरोबर ही घरघरही आली. ती नेमकी कशाची, ती धोकादायक आहे काय आणि ती टाळावी कशी, हे समजून घेण्याजोगे आहे.

पाण्याच्या पाळीसारखी व्यवस्था

या घरघरीचे मूळ 'जीएसएम' या भ्रमणध्वनी पद्धतीत आहे. आज तिलाच सर्वसाधारणपणे '२जी' म्हणतात. या पद्धतीवरील पहिला व्यावसायिक दूरध्वनी १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले, आणि देशातील भ्रमणध्वनी सेवेस प्रारंभ झाला.

एकाच कंप्रतेवर अनेकांना बोलता यावे यासाठी जीएसएममध्ये वेळेची वाटणी केलेली असते. बागायतदारांना ही कल्पना परकी नाही. एका पाटावर आठ शेतकरी असतील, तर प्रत्येकास पाण्याची पाळी ठरवून दिली जाते. ज्याची पाळी त्याने दार उघडायचे, इतरांनी थांबायचे. जीएसएममध्येही एका वाहिनीवर आठ फोन पाळीने बोलतात. फरक एवढाच की येथे पाळी तासांची नसून एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी अवघ्या ५७७ भागांची असते. आठ जणांची फेरी सुमारे ४.६ सहस्रांश सेकंदात पूर्ण होते आणि पुन्हा पहिल्याची पाळी येते.

याचा अर्थ असा, की बोलणे चालू असताना फोन अखंड लहरी सोडत नाही. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू होतो आणि तितक्याच वेळा बंद होतो. कर्ण्यातून ऐकू येते ती हीच उघडझाप. २१७ हा आकडा संगीताच्या जाणकारांना ओळखीचा वाटेल. हार्मोनियमवरील पांढरी सहा ही पट्टी एका सप्तकात २२० कंपनांची असते. फोनची घरघर त्याहून किंचित उतरलेली असते. मात्र ती गोड लागत नाही, कारण उघडझाप एकदम होत असल्याने मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे कर्कश स्वरही मिसळतात.

न ऐकू येणारे ऐकू कसे येते?

येथे एक शंका उपस्थित होते. फोनच्या लहरी सेकंदाला सुमारे ९० कोटी किंवा १८० कोटी कंपनांच्या असतात. मनुष्याचा कान वीस हजार कंपनांपलीकडे काही ऐकत नाही, आणि कर्ण्याचा पडदाही त्या वेगाने हलू शकत नाही. मग हा आवाज निर्माण होतो कोठे?

तो निर्माण होतो ॲम्प्लिफायरमध्ये. माईकपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी वायर नकळत अँटेनाचे काम करते. ९० कोटी कंपनांच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, आणि तिच्या पाव भागाएवढा, म्हणजे आठ सेंटिमीटरचा तुकडाही ती लहर उत्तम रीतीने पकडतो. एवढी वायर किंवा पट्टी कोणत्याही ध्वनियंत्रात सापडतेच. पकडलेली लहर ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यातील ट्रान्झिस्टरपाशी पोहोचते. ट्रान्झिस्टरच्या जोडावर प्रबळ लहर आदळली, की तो एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपेसारखा वागतो. कोट्यवधी कंपने त्यात गाळली जातात आणि मागे उरतो तो केवळ लहरीचा चढ-उतार, म्हणजेच सेकंदाला २१७ ठोके. ॲम्प्लिफायर ते आपल्याच माईकचे समजून शेकडो पटींनी मोठे करतो.

यात नवीन असे काही नाही. जुन्या स्फटिक रेडिओचे तत्त्व हेच होते. अशा शोधकासाठी गॅलिना या खनिजाचा उपयोग करण्याचे अमेरिकी पेटंट जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये मिळाले होते. रेडिओत जे हेतुपुरस्सर घडवले जाते, तेच ध्वनियंत्रात नको असताना घडते.

आधी घरघर, मग घंटी

फोन वाजण्यापूर्वीच कर्णा बोलतो, याचे अनेकांना नवल वाटते. त्याचे कारण सरळ आहे. तुम्हाला दूरध्वनी आला, की मनोरा प्रथम तुमच्या फोनला हाक मारतो. फोन 'ओ' देतो, आपली ओळख पटवतो, बोलण्यासाठी मार्ग मागून घेतो. ही देवाणघेवाण संपल्यावरच घंटी वाजते. या काळात फोन ठोक्यांचे लहान लहान झुबके सेकंदाला सुमारे चार या गतीने पाठवतो. 'टक्-टक्-टक्' ऐकू येते ते हेच. बोलण्याचा मार्ग मिळाला, की ठोके सलग होतात आणि 'घुर्रर्र' सुरू होते. लघुसंदेश या पहिल्या टप्प्यातील मार्गानेच येत असल्याने तो आला तर केवळ टकटक होऊन थांबते.

कोणाचाही फोन आला नसताना अधूनमधून टकटक होते, तिचेही कारण आहे. आपण कोठे आहोत हे फोन ठरावीक काळाने मनोऱ्याला कळवत असतो. हा काळ सहा मिनिटांपासून सुमारे साडेपंचवीस तासांपर्यंत कितीही ठेवता येतो. एका विभागातून दुसऱ्या विभागात जातानाही ही नोंद होते; म्हणून महामार्गावरील प्रवासात मोटारीचा रेडिओ अचानक टकटकतो. फोन बंद करतानाही तो जाता जाता निरोप देतो, त्यामुळे घरघर थांबवण्यासाठी फोन बंद करणाऱ्यास शेवटची एक घरघर ऐकावीच लागते.

मनोरा दूर, आवाज मोठा

घरघर होते म्हणजे गावातील मनोऱ्याचा 'दाब' वाढला, असा एक समज आढळतो. प्रत्यक्षात बहुधा उलटे असते. ध्वनियंत्रात घुसते ती जवळच्या फोनची लहर. मनोरा जवळ असेल तर फोन हळू बोलतो. दूर असेल वा मध्ये डोंगर असेल, तर त्याला ओरडावे लागते. ९० कोटी कंपनांच्या पट्ट्यात साधा २जी फोन ठोक्याच्या क्षणी जास्तीत जास्त दोन वॉट शक्ती वापरतो, आणि मनोऱ्याच्या निकट तो ती अवघ्या तीन मिलिवॉटपर्यंत उतरवू शकतो. हा फरक सहाशे पटींहून अधिक आहे. महामार्गालगत न जाणवणारी घरघर डोंगरकपारीच्या वाडीत त्रासदायक ठरते, ती यामुळे.

घरघर ही आरोग्यास धोका असल्याची खूणही नव्हे. ती ॲम्प्लिफायरच्या उणिवेची खूण आहे. फोनच्या लहरी शरीरात किती शोषल्या जाव्यात याची मर्यादा भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून प्रतिकिलो १.६ वॉट अशी आहे. फोन वापरण्याचा प्रश्न त्या मापाने पाहावयाचा असतो, कर्ण्याच्या आवाजाने नव्हे.

खरी अडचण कानाची

मांडवातील घरघर ही रसभंगाची बाब झाली. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी मात्र हा प्रश्न जिव्हाळ्याचा ठरतो. श्रवणयंत्रातही माईक आणि ॲम्प्लिफायर असतो, आणि फोन तर थेट त्याला टेकवायचा असतो. मुलगा मुंबईत, आई-वडील गावाकडे, ही सातारा जिल्ह्यातील असंख्य घरांची स्थिती आहे. कानाला यंत्र लावलेल्या वडिलांना मुलाचा आवाज घरघरीत बुडालेला ऐकू येतो. 'रेंज नाही' असे म्हणून फोन ठेवला जातो, आणि हळूहळू फोन घेणेच टाळले जाते. काही श्रवणयंत्रांत फोनसाठी वेगळी वेटोळ्याची सोय असते. पण फोनच्या बॅटरीतून दर ठोक्याला खेचल्या जाणाऱ्या विजेचे चुंबकीय क्षेत्र त्या वेटोळ्यालाही सुटत नाही.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००३ मध्ये फोन-उत्पादकांवर श्रवणयंत्राशी जुळणारे फोन पुरवण्याचे बंधन घातले. अशा फोनवर माईकसाठी 'एम' व वेटोळ्यासाठी 'टी' अशी श्रेणी दिली जाऊ लागली. तीन वा चार हा आकडा असेल तर फोन चांगला. श्रवणयंत्रांच्या प्रतिकारक्षमतेसाठीही आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि अलीकडची यंत्रे या बाबतीत पुष्कळ सुधारली आहेत. वृद्धांसाठी यंत्र घेताना ते फोन कानाला लावून, प्रत्यक्ष बोलून पारखून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

हृदयाचा पेसमेकर बसवलेल्यांनी फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, म्हणजे छातीवरील खिशात ठेवू नये, ही खबरदारीही याच जातीची आहे.

घरघर ओसरू का लागली?

शहरांत हा आवाज आता पूर्वीइतका ऐकू येत नाही. ३जीमध्ये वेळेच्या पाळ्या नव्हत्या, लहर अखंड असे. त्यामुळे तिच्यातून ठोके निघत नसत. २००२-०३ च्या सुमारास देशात आलेल्या आणि आता बंद झालेल्या सीडीएमए फोनचेही तसेच होते. ४जी फोनची कमाल शक्ती सुमारे २०० मिलिवॉट, म्हणजे २जीच्या ठोक्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. त्यातील काही पट्ट्यांत लहर तुटक असली, तरी तिचा आवाज क्षीण राहतो.

तथापि २जी संपलेले नाही. साध्या कळफलकाचे बहुतेक स्वस्त फोन त्यावरच चालतात. शिवाय नवा फोन असूनही ४जीवरून बोलण्याची सोय चालू नसेल, तर बोलण्यापुरता तो २जीवर उतरतो आणि घरघरू लागतो. म्हणून फोन नवा आहे, तो दोषी असणार नाही, असे गृहीत धरता येत नाही.

उपाय सोपे, खर्च थोडा

सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे अंतर. फोन दुप्पट दूर नेला, की वायरीत पोहोचणारी लहर साधारण निम्मी होते आणि घरघर चौथ्या हिश्श्यावर येते. फूटभर अंतरावरील फोन चार फुटांवर ठेवला, तर आवाज सुमारे सोळाव्या हिश्श्याएवढा उरतो. कीर्तनकार व निवेदकांनी फोन खिशात न ठेवणे, ॲम्प्लिफायरवर फोन चार्जिंगला न लावणे, एवढ्याने बहुतांश तक्रारी मिटतात. फोन निव्वळ 'सायलेंट' केल्याने घंटी थांबते, घरघर नव्हे. त्यासाठी तो 'फ्लाइट मोड'वर टाकावा लागतो.

मंडळांनी साहित्य घेताना दोन तारा व वर जाळीचे वेष्टन असलेली, तीन पिनांची संतुलित वायर घ्यावी. तिच्या दोन्ही तारांत लहर सारखीच शिरते आणि ॲम्प्लिफायर ती बऱ्याच अंशी वजा करतो. वेष्टन तुटलेली वायर बदलावी, जास्तीची वायर वेटोळे करून फोनजवळ ठेवू नये. वायरीवर फेराइटचे कडे बसवणे, माईकच्या प्रवेशाशी बारीक कपॅसिटर जोडून घेणे ही कामे जाणकार दुरुस्तीकार सहज करतो.

मांडवात आवाज बिघडला की पहिला बोल माईकवाल्याला लागतो. पुढच्या वेळी कर्णा टकटकला, तर वायरीकडे पाहण्यापूर्वी प्रत्येकाने आपला खिसा चाचपून पाहिलेला बरा.