नवलकोल केव्हा कापायचा?

मुंबईच्या भाजीबाजारात नवलकोल हौसेने घेणारे थोडे, आणि घेतात त्यांतल्या अनेकांना तो चोथट लागतो. हा दोष भाजीचा नाही, काढणीचा आहे. नवलकोल हा कोबी-फ्लॉवरच्याच जातीचा, पण त्याचा गड्डा मुळा-बिटासारखा जमिनीखाली पोसत नाही. तो जमिनीच्या वर फुगलेला खोडाचा भाग असतो. खोडाचे काम झाडाला उभे धरण्याचे, म्हणून वय वाढले की त्यात टणक धागे तयार होणारच. हे धागे बुडापासून सुरू होऊन वर चढत जातात. गड्डा पाच ते सात सेंटिमीटर रुंद झाला की तो उत्तम असतो. त्यानंतर शेतात राहिला तर वजन वाढते आणि गोडी उतरते. विक्री वजनावर होत असल्याने शेतकरी थांबतो, यात त्याची काही चूक नाही. फार मोठे होऊनही कोवळे राहणारे वाण परदेशात आहेत, पण आपल्याकडे सहज मिळणाऱ्या ‘व्हाइट व्हिएन्ना’ला हे लागू नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की योग्य वेळी काढलेला नवलकोल खायचा तर तो घरीच लावावा, आणि त्यासाठी आरे कॉलनीसारखी जागा मुंबईत दुसरी क्वचितच असेल.

यावर पहिला आक्षेप हवामानाचा. नवलकोलाला साधारण 15 ते 20 अंश तापमान मानवते, आणि मुंबईत जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. हे खरे आहे. पण उपनगरात त्या महिन्यात रात्रीचे तापमान सरासरी 16-17 अंशांपर्यंत उतरते, आणि आरेच्या झाडीत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या लगत, गारवा शहरापेक्षा जास्त जाणवतो. गोव्याच्या दमट किनारपट्टीतही नवलकोल हिवाळ्यात पिकतोच. उलट फार थंडीत, म्हणजे दहा अंशांखाली बरेच दिवस गेले तर, रोप गड्डा धरण्याऐवजी फुलोऱ्यावर येते. ही भीती मुंबईत नाही. आपला शत्रू फेब्रुवारीनंतरचा उन्हाळा. तेव्हा सगळा हिशेब तारखांचा आहे.

आरेची दुसरी सोय खताची. म्हशींचे गोठे शहरातून बाहेर हलवण्यासाठी 1949 साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने ही दुग्ध वसाहत उभी राहिली, आणि तबेले आजही आहेत. मात्र ताजे शेण कुंडीत घालू नका. ते मुळांना जाळते आणि किडींना बोलावते. काही महिने कुजून काळे, भुसभुशीत, बिनवासाचे झालेले शेणखतच वापरावे. माती मात्र रोपवाटिकेतून आणावी. आरेतील 800 एकरांहून अधिक जागा आता राखीव वन आहे. तिथली माती खणून आणणे योग्य नाही.

मुळे उथळ असल्याने वीस सेंटिमीटर खोल कुंडी पुरते. दोन रोपांत साधारण वीत-सव्वा वीत अंतर आणि रोज पाच-सहा तास ऊन हवे. गड्डा धरू लागला की त्यावर माती चढवू नये. पाणी नेमाने द्यावे. आठवडाभर कोरडे ठेवून मग भरपूर दिले तर गड्डा तडकतो. मावा आणि कोबीवरील हिरव्या अळ्या येतात. पानांची खालची बाजू रोज पाहिली तर हाताने वेचून आणि निंबोळी अर्क फवारून घरच्यापुरते भागते.

एका रोपाला एकच गड्डा, मग एवढी खटपट कशाला, असे कुणी विचारेल. पैशांच्या हिशेबात त्याचे बरोबर आहे. वांगे किंवा मिरची त्याच कुंडीत जास्त देईल. पण नवलकोलाची कोवळी पानेही भाजीला चालतात, आणि बाजारात ती बहुधा छाटलेली वा सुकलेली असतात. शिवाय पंधरा-पंधरा दिवसांनी चार-चार बिया टाकल्या तर सगळे गड्डे एकदम तयार होत नाहीत, आणि वेळेवर कापणे जमते. विळ्याने किंवा सुरीने गड्ड्याखाली खोड कापावे. सोलताना बुडाची साल जाड काढावी.

परतीचा पाऊस ओसरला की, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिले बी पेरा. चार आठवड्यांनी रोपे लावली की पुढे 50-60 दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या मध्यास गड्डे तयार होतात. शेवटची पेरणी नोव्हेंबरअखेर संपवा, आणि गड्डा अजून थोडा वाढू दे, असे वाटू लागले की त्याच दिवशी कापा.