शिरोरेषेला लटकलेली गोष्ट

अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'त (१९७६) देवळांचा फेरा आटोपल्यावर एक पान असे येते, की ते वाचायच्या आधी बघावे लागते. गाव मागे पडले आहे, रेल्वे स्टेशन अजून आलेले नाही, आणि मधल्या ज्वारीच्या रानात डझनभर कोंबडे-कोंबड्या नाचताहेत. कोलटकरांनी त्यांचे चित्र काढलेले नाही. वर आणि खाली या अर्थाचे शब्दच त्यांनी पानभर वर-खाली उधळले आहेत. उडी टाइपानेच मारली आहे. जाहिरातींच्या मांडणीत मुरलेल्या माणसाला कोऱ्या जागेची किंमत किती नेमकी ठाऊक असते, ते इथे कळते. लातूर-नांदेडकडच्या ज्वारीत पाखरांचा थवा उठताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे पान समजावून सांगावे लागत नाही.

जर्मनीत १९२५ साली कुर्ट श्विटर्स, केटे श्टाइनिट्स आणि थेओ फान डूसबर्ग यांनी मुलांसाठी एक गोष्ट अशीच केली. तिचा नायकही शेतातलाच, बुजगावणे. रोमन लिपीतले एक्स हे अक्षर म्हणजे बुजगावणे, बी म्हणजे शेतकरी, आणि बुजगावण्याला न भिणारा कोंबडासुद्धा छापखान्याच्या केसमधूनच घडवलेला. ब्रशचा एक फटकारा नाही, तरी राग, मार, पळापळ सगळे दिसते.

मराठीत असे पुस्तक का झाले नाही, हा प्रश्न मला फार दिवस छळतो. कल्पनाशक्ती कमी पडली, असे मला वाटत नाही. कारण आपल्या अक्षराच्या घडणीत आहे. रोमन अक्षर सुटे उभे राहते, त्याला टोपी घालता येते. देवनागरी अक्षर शेजाऱ्याचा हात धरून शिरोरेषेला लटकते. डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, पायाशी उकार, आणि पहिली वेलांटी तर उच्चारात नंतर असून पानावर आधी येते. जुळाऱ्यासमोर शेकडो खिळ्यांची केस असे. त्यातला एक खिळा वर उडवायचा म्हटला, तर त्याची मात्रा कुठे ठेवायची?

या अडचणीचा उलगडा जुन्या संस्कृत कवींना झाला होता. भारवीच्या 'किरातार्जुनीया'चा पंधरावा सर्ग आणि माघाच्या 'शिशुपालवधा'चा एकोणिसावा, दोन्ही युद्धाचे आणि दोन्ही चित्रबंधांनी, म्हणजे अक्षरे आकृतीत बसवलेल्या श्लोकांनी, भरलेले. चालत्या बैलाच्या मुताची वाटेवर जी नागमोडी रेघ उमटते, तिच्यावरून गोमूत्रिकाबंधाचे नाव पडले. एकाखाली एक लिहिलेल्या दोन ओळींत एक सोडून एक अक्षर तेच असते, म्हणून वाचणारा वरून खाली, खालून वर असा वळसे घेत गेला तरी तीच ओळ हाती लागते. सर्वतोभद्र तर चौसष्ट घरांत मांडतात, आणि कुठल्याही बाजूने वाचा, तो तसाच. तेच नाव सैन्याच्या व्यूहालाही आहे. या कवींनी स्वर-व्यंजने सुटी केली नाहीत, मात्रेसकट अख्खे अक्षर हे एकक धरले. काव्यशास्त्रकार मम्मटाने अशा चित्रकाव्याला सर्वांत खालच्या पायरीवर बसवले. रसाच्या कसोटीवर ते बरोबर असेल, पण रणांगणाची मांडणी अक्षरांच्या मांडणीतून दाखवणारा सर्ग कसरतीत काढणे मला मान्य नाही.

आधुनिक मराठीत या वाटेने सर्वांत पुढे गेले ते र. कृ. जोशी (१९३६–२००८). सुलेखनकार, कवी, अक्षररचनाकार आणि शिक्षक. विंडोज २००० सोबत आलेला 'मंगल' फाँट त्यांचा. नांदेड-लातूरच्या कचेऱ्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत ज्या अक्षरांत वर्षानुवर्षे अर्ज टाइप झाले, त्यांचा कर्ता दृश्यकविताही करत होता, ही गोष्ट आपल्याकडच्या शाळांत सांगायला हवी. कमल शेडगे यांनी हेच काम वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत केले. नाटकाच्या शीर्षकाच्या वळणातूनच नाटकाची जात कळावी, हा त्यांचा हव्यास. दोघांनीही हाताने काढलेल्या अक्षराचा आधार घेतला, आणि ते साहजिक आहे. हात शिरोरेषा ताणू शकतो, तोडू शकतो. आपल्या गावांतले बोर्ड रंगवणारे पेंटर हेच करत. आइस्क्रीमच्या शिरोरेषेवर बर्फ साचवत, रसवंतीच्या अक्षरांतून रस ठिबकवत. फ्लेक्स आले आणि ती कला मागे पडली.

आता तर संगणकावर शिरोरेषा हवी तशी ताणता येते, खिळ्याची अडचण उरली नाही. आणि लातूरपाशी एक गोष्ट तयार आहे. दुष्काळात, १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. 'पाणी' हा शब्द मध्ये जागा न सोडता दहादा लिहून पाहा. शिरोरेषा एकच होते, डबे आपोआप जोडले जातात, आणि 'णी'ची वेलांटी प्रत्येक टाकीवरच्या झाकणासारखी वर उठते. आधीची पाने कोरी ठेवायची, फक्त रुळाची रेघ, मिरज ते लातूर. गाडीनंतर 'घागर' हा शब्द एकाखाली एक, रांगेत, शिरोरेषा तुटलेली, कारण रांगेत प्रत्येकजण एकटा.

मी हे मांडून पाहिले आहे. दहा वाघिणी दिवाळी अंकाच्या पानात मावतात. पन्नास मावत नाहीत. त्यांना घडी घालून जोडलेले लांब पान लागेल, आणि ते बांधून द्यायला तयार असलेला छापखाना.