घरपट्टीची पावती आणि घराचा हक्क : शहापूर व मुरबाड तालुक्यांतील घरमालकांच्या दृष्टीने काही विचार

खेड्यातील अनेक कुटुंबांत घरपट्टीच्या जुन्या पावत्या जपून ठेवण्याची रीत आढळते. पट्टी भरली म्हणजे घर आपल्या नावे झाले, अशी त्यामागील समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. तथापि पावती निरुपयोगी आहे असेही नाही. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात, पावतीने काय सिद्ध होते, काय होत नाही आणि कर भरणाऱ्यास शासनाकडून कोणते साहाय्य मिळू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कर कोण बसवितो

ग्रामपंचायतीस कर बसविण्याचा अधिकार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 अन्वये मिळाला आहे. आपण ज्यास सरसकट 'घरपट्टी' म्हणतो त्या मागणीत वस्तुतः अनेक बाबी असतात : इमारतींवरील व जमिनींवरील कर, दिवाबत्ती कर, सफाई कर, सामान्य पाणीपट्टी आणि विशेष पाणीपट्टी. यांपैकी विशेष पाणीपट्टी नळाने पुरविलेल्या पाण्याबद्दल असते. ज्याच्या घरी नळ नाही त्याच्या बिलात ही रक्कम दिसल्यास, ती कशाबद्दल, हे त्याने अवश्य विचारावे. तानसा व भातसा ही मुंबईस पाणी पुरविणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथे हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही.

शहापूर व मुरबाड ही तालुक्यांची मुख्य गावे आज नगरपंचायती आहेत. तेथील घरमालकास 1958 चा नव्हे, तर नगरपरिषदा व नगरपंचायतींविषयीचा 1965 चा अधिनियम लागू होतो. तेथेही कर आकारणीची यादी प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जातात.

आकारणी व दाद

2015 च्या अखेरीस कर व फी नियमांत झालेल्या सुधारणेनुसार ग्रामपंचायतीची आकारणी भांडवली मूल्यावर होते. जमिनीचे क्षेत्र व तिचा दर, इमारतीचे क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, घसारा आणि वापर यांवरून मूल्य ठरते व दर हजार रुपयांमागे कर काढला जातो. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. मातीच्या भिंतींचे घर सिमेंटचे म्हणून नोंदले गेले, अथवा राहते घर दुकान म्हणून लागले, तर पंचायतीने दर न वाढविताही कर वाढतो. म्हणून घरमालकाने पावतीपेक्षा आकारणी नोंदवहीचा, म्हणजे नमुना 8 चा, उतारा आधी पाहावा. राज्याच्या लोकसेवा हक्क अधिनियमामुळे (2015) अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक असून, त्या न मिळाल्यास अपिलाची सोय आहे.

यादी प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. पंचायतीचा निर्णय मान्य नसल्यास पंचायत समितीकडे व त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते. कर थकविणे हा दाद मागण्याचा मार्ग नव्हे. मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा पंचायतीचा सदस्य होण्यास वा राहण्यास अपात्र ठरू शकतो.

पैसा कोठे जातो

वसूल झालेला कर ग्रामनिधीत जमा होतो. एकट्या करावर पंचायतीचा कारभार चालत नाही. त्यात वित्त आयोगाच्या अनुदानाची भर पडते. शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे, तर मुरबाडमधील काहीच गावे त्यात येतात. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के निधी थेट देण्याचा निर्णय राज्याने 2015 मध्ये घेतला. सबब मुरबाडमध्ये शेजारशेजारच्या दोन गावांची साधने सारखी असतीलच असे नाही. आपले गाव कोणत्या वर्गात मोडते आणि त्या निधीचा विनियोग कसा झाला, हे ग्रामसभेत विचारण्याचा प्रत्येक मतदारास अधिकार आहे.

पावती म्हणजे मालकी नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नमुना 8 हे कर आकारणीचे दफ्तर आहे, मालकीचे नव्हे. त्यातील नाव कर कोणाकडून घ्यावयाचा एवढेच सांगते. ताबा व वास्तव्य यांचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग होतो. परंतु जागा कोणाची, हे त्याने ठरत नाही. गावठाणातील घरांसाठी 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका दिली जाते. मोजणीच्या वेळी हजर राहून हद्द दाखविणे हे घरमालकाचे हिताचे काम होय.

गावठाणाबाहेरील पाड्यांना मात्र या योजनेचा आधार मिळत नाही. कातकरी कुटुंबांची घरे पुष्कळदा दुसऱ्याच्या वा शासनाच्या जमिनीवर असतात. घर वनजमिनीवर असून वास्तव्य 13 डिसेंबर 2005 पूर्वीचे असल्यास 2006 च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेमार्फत दावा करता येतो. 2023 साली सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत कातकरी कुटुंबांसाठी पक्क्या घराची तरतूद आहे. परंतु घरास जागा लागते, आणि जागेचा प्रश्न सुटल्यावाचून मंजुरीचा कागद पुरेसा होत नाही. घरकुलासाठी जागा विकत घेण्यास राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय अर्थसाहाय्य योजना आहे. तिची चौकशी पंचायत समितीत करावी.

उपसंहार

सारांश, घरपट्टीची पावती हा हक्काचा शेवट नसून आरंभ आहे. तिच्या आधारे आकारणी तपासता येते, हिशेब मागता येतो आणि वास्तव्य दाखविता येते. परंतु पायाखालची जमीन नावे झाल्याखेरीज घर खऱ्या अर्थाने आपले होत नाही. पावती जपून ठेवणाऱ्याने एवढ्यावरच न थांबता, आपल्या घराखालच्या जागेची नोंद कोणाच्या नावे आहे, हे तलाठ्याकडे वा भूमी अभिलेख कार्यालयात एकदा पाहून घ्यावे.